पहिला एअरब्रश आणि पहिला कॉम्प्रेसर: नागपुरात मिनिएचर (खेळांतल्या चिमुकल्या बाहुल्या) रंगवणाऱ्यांसाठी

एअरब्रश घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी ब्रशचीच चौकशी करतात. कंपनी कोणती, नोझल (रंग बाहेर पडायचं बारीक तोंड) कितीचं, जपानी घ्यावा की चिनी. माझा सल्ला असा, की चौकशी हवेपासून, म्हणजे हवा दाबून पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपासून सुरू करा. एअरब्रश म्हणजे वेगाने जाणाऱ्या हवेने रंगाचा थेंब फोडून त्याचे बारीक कण करणारं अवजार. हवा एकसारख्या दाबाची आणि कोरडी असेल तर साधा एअरब्रशही छान चालतो. दाब वरखाली होत असेल किंवा हवेतून पाणी येत असेल, तर महागड्या एअरब्रशनेही मिनिएचरवर डाग पडतात. आणि नागपुरात हवा हाच मोठा प्रश्न आहे. मे महिन्यात ४५ अंशांत रंग नोझलच्या टोकावरच सुकतो, जुलैत भिंतींना ओल येते, आणि कूलर लावलेल्या खोलीत भर उन्हाळ्यातही हवा दमट असते. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले लोक देतात. त्यातलं बरंच इथेही चालतं, पण सगळं नाही.

आधी एक गोष्ट स्वतःला विचारा: मला एअरब्रश खरंच हवा आहे का? एखाद्या बोर्डगेममधल्या आठ-दहा बाहुल्याच रंगवायच्या असतील, तर नको. कुंचल्याने लावायचा प्रायमर (रंग धरून राहावा म्हणून आधी द्यायचा थर) मिळतो, तो पुरेसा आहे, पैसे चांगल्या कुंचल्यांवर घाला. वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळाची अख्खी फौज, रणगाडे, थ्रीडी प्रिंट केलेले राक्षस, बस्ट (छातीपर्यंतचे पुतळे) किंवा टेबलावरचे डोंगर-किल्ले करायचे असतील, तर मात्र घ्या. २८ ते ३२ मिलिमीटरच्या मिनिएचरवर एअरब्रशची खरी कामं चारच: प्रायमर, बेसकोट (मूळ रंगाचा थर), वरून पडणाऱ्या उजेडाची छटा आणि शेवटचं वॉर्निश. डोळे, पट्टे, कपड्यांच्या कडा हे काम कुंचल्याचंच राहतं.

नागपुरात एअरब्रश घ्यायचं सगळ्यात पटणारं कारण माझ्या मते प्रायमर हेच आहे. स्प्रे कॅनचा प्रायमर मे महिन्यात मिनिएचरवर पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात त्याच कॅनचं मॅट वॉर्निश पांढुरकं पडतं. कॅन निवांतपणे वापरता येतो तो दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच. एअरब्रशने मात्र घरात बसून, पाण्यावर आधारित प्रायमर बारा महिने मारता येतो.

पायरी १: कॉम्प्रेसर

बजेटचा मोठा वाटा इथे जाऊ द्या. ब्रश पुढे बदलता येतो, पण चांगला कॉम्प्रेसर अनेक वर्षं तसाच राहतो.

टँक असलेलाच घ्या. छोट्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टन वरखाली होत हवा ढकलतो. टँक नसेल तर ते ठोके थेट होजमधून (हवेच्या नळीतून) एअरब्रशपर्यंत येतात आणि बारीक रेघ मारताना ती तुटक दिसते. छंदासाठीच्या कॉम्प्रेसरला बहुधा ३ लिटरचा टँक असतो. टँक म्हणजे हवेचा साठा, असा अनेकांचा समज असतो. गणित करून पाहा. मोटर साधारण ४ बारला (बार हे दाबाचं माप) आपोआप बंद होते आणि दाब ३ बारवर उतरला की पुन्हा सुरू होते. म्हणजे ३ लिटरच्या टँकमधून मोटर बंद असताना वापरायला मिळते सुमारे ३ लिटर मोकळी हवा. ब्रश मिनिटाला साधारण १० ते १५ लिटर हवा घेतो, तेव्हा ही हवा १२ ते १८ सेकंदांत संपते. या टँकचं खरं काम ठोके शोषून दाब स्थिर ठेवणं एवढंच आहे, आणि ते तो चोख करतो. मोटर मधूनमधून सुरू होणारच. त्यात बिघाड काही नाही.

बाजारात एएस-१८६ नावाने वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या लेबलखाली जवळपास एकच रचना मिळते: तेल न लागणारा पिस्टन, १/५ किंवा १/६ हॉर्सपॉवरची मोटर, ३ लिटरचा टँक, मिनिटाला २० ते २३ लिटर हवा. एका माणसाच्या मिनिएचरच्या कामाला हे पुरेसं आहे. हा किंवा दुसरा कोणताही घ्या, पण त्यावर एवढ्या गोष्टी आहेत का ते फोटोत नीट पाहा: आपोआप चालू-बंद होणारा प्रेशर स्विच, दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि त्यावरचा काटा, पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप, टँकच्या तळाला पाणी काढायचा नळ, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. यातलं एकही नसेल तर तो सोडून द्या. टँकसकट असा कॉम्प्रेसर साधारण आठ ते बारा हजारांच्या घरात येतो. आयात मालाचे भाव हलत असतात, तेव्हा हा आकडा ढोबळ समजा. मोटर २३० व्होल्टची आहे ना, हेही विचारा. बाहेरून आलेल्या मालात ११० व्होल्टचे नग मिसळलेले असतात आणि आपल्या बोर्डात लावले की ते जळतात.

दुसरा पर्याय गॅरेजवाल्यांचा: २४-२५ लिटर टँकचा, तेल न लागणारा कॉम्प्रेसर. इतवारीच्या लोहा ओळीकडे किंवा कुठल्याही मोठ्या हार्डवेअर बाजारात असे कॉम्प्रेसर समोर चालवून बघता येतात. इथे टँक खरोखर साठा करतो. २५ लिटरचा टँक ८ बारपर्यंत भरला आणि २ बारपर्यंत वापरला, तर सुमारे १५० लिटर हवा मिळते. म्हणजे मोटर बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं शांतपणे रंगवता येतं. पण भरताना त्याचा आवाज मोठा असतो. स्वतंत्र घर असेल, मागे अंगण किंवा वर गच्ची असेल तर चालेल. फ्लॅटमध्ये रात्री दहाला तो सुरू केला तर शेजारी वर येतील. शिवाय त्याच्या सोबत येणारा रेग्युलेटर टायर भरण्यासाठी केलेला असतो, १५-२० पीएसआयला (हेही दाबाचंच माप) तो नीट थांबत नाही. ब्रशसाठी वेगळा, कमी दाबाचा रेग्युलेटर आणि ट्रॅप लावावा लागतो.

बॅटरीवर चालणारा, ब्रशच्या बुडालाच जोडायचा चिमुकला कॉम्प्रेसर पहिला म्हणून नको. त्याचा दाब कमी असतो आणि तो मनासारखा बदलताही येत नाही. मेकअपसाठी मिळणारे टँक नसलेले डबे, गाडीच्या टायरचे पंप हेही नको. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून जुगाड करणारे आहेत. तो आवाज करत नाही हे खरं, पण हवेसोबत तेल ओकतो. त्याला टँक म्हणून एखादा जुना सिलिंडर जोडायचा मोह होतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता कूलर. हवा ४ बारला दाबली म्हणजे ती बाहेरच्या हवेच्या पाचपट आवळली जाते. तिच्यातली वाफही तेवढीच दाटते, आणि टँकमध्ये हवा थंड झाली की तिचं पाणी होतं. मे महिन्यातली नागपूरची कोरडी हवा खरं तर कॉम्प्रेसरसाठी फार चांगली, टँकमध्ये पाणी जवळजवळ साचतच नाही. पण आपण काय करतो? वाळ्याच्या पडद्यातून येणाऱ्या कूलरच्या गारव्यात बसतो आणि कॉम्प्रेसरही तिथेच पायाशी ठेवतो. तो मग ती दमट हवा ओढतो आणि अर्ध्या तासात ट्रॅपच्या वाटीत पाणी दिसतं. उपाय सोपा आहे: ३ मीटरचा होज घ्या आणि कॉम्प्रेसर दाराबाहेर, पॅसेजमध्ये, सावलीत ठेवा. आवाजही बाहेर राहतो. त्याच्याखाली जाड रबरी मॅट टाका, म्हणजे फरशीतून खाली गुणगुण जात नाही. कपाटात किंवा पेटीत मात्र कोंडू नका.

उन्हाळ्यात मोटर लवकर तापते. बहुतेक मोटरींना तापल्यावर बंद पडण्याची सोय असते. ती बंद पडली तर घाबरू नका, गार होऊ द्या. पण तिथवर जाऊच देऊ नये. दुपारी सलग काम न करता मधे मधे थांबा, किंवा सरळ सकाळी बसा. जूनच्या मध्यापासून रोज काम संपल्यावर टँकच्या तळाचा नळ उघडून पाणी काढायचं. ते साचत राहिलं तर टँक आतून गंजतो. पावसाळ्यापुरता ब्रशच्या बुडाशी बसणारा छोटा दुसरा ट्रॅप लावला तर उत्तम, कारण लांब होजमध्येही पाणी जमतं.

पायरी २: एअरब्रश

तीन गोष्टी ठरवून टाका: डबल अ‍ॅक्शन, वर कप असलेला ग्रॅव्हिटी फीड, आणि ०.३ ते ०.४ मिलिमीटरचं नोझल.

डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग. किती रंग सोडायचा ते बोटाच्या टोकावर ठरतं. सिंगल अ‍ॅक्शन शिकायला सोपा वाटतो, पण मिनिएचरवर रंग हळूहळू वाढवत नेणं हेच तर काम आहे आणि तिथे तो अडकवतो. ग्रॅव्हिटी फीडमध्ये रंग आपल्या वजनाने उतरतो, म्हणून कमी दाब पुरतो आणि पाच-सहा थेंबांवर काम भागतं. खाली बाटली लटकवायचा सायफन फीड मोठ्या कामाचा, आपल्याला नको.

नोझलबाबत नवखे बहुतेक चुकीच्या दिशेला ओढले जातात. मिनिएचर बारीक, म्हणून नोझल ०.२ चं, असं वाटतं. ०.२ मधून अ‍ॅक्रिलिक रंग चालवायला रंग अगदी पातळ आणि हात मुरलेला लागतो, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते दर दोन मिनिटांनी चोंदतं. ०.३ किंवा ०.३५ ने प्रायमरही जातो आणि केसासारखी नाही तरी पुरेशी बारीक रेघही येते. ०.५ हे वॉर्निश, डोंगर-झाडं आणि मोठे रणगाडे यांच्यासाठी, नंतर कधीतरी.

मॉडेल कोणतं? जपानच्या इवाटा कंपनीच्या निओ मालिकेतला ग्रॅव्हिटी फीड ब्रश ०.३५ नोझलचा आहे आणि पहिल्यासाठी समंजस निवड आहे. थोडं अधिक घालता येत असेल तर त्याच कंपनीचा एक्लिप्स एचपी-सीएस. त्याचंही नोझल ०.३५ आहे, पण ते नुसतं बसवायचं असतं, पान्याने आवळायचं नसतं. नवख्यासाठी हे फार मोलाचं आहे, कारण पाना लावून आवळायच्या चिमुकल्या नोझलचे आटे पहिल्याच महिन्यात तुटतात. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकच्या अल्ट्रा आणि इव्होल्यूशनमध्येही नोझल आट्यांशिवाय बसतं. जपानच्या क्रिओस कंपनीचा पीएस-२८९ हा ०.३ चा ब्रशही नावाजलेला आहे. यातला कोणता, यावर वाद घालत बसू नका. ज्याची सुटी नीडल (नोझलमधून जाणारी सुई) आणि नोझल भारतात मिळतायत असं आधी दिसलं, तो घ्या.

आणि हजार-दोन हजारांत मिळणारा, १३० नावाचा चिनी ब्रश? तो टाकाऊ नाही. हात बसवायला, प्रायमर आणि वॉर्निश मारायला तो चालतो, आणि पुढे चांगला ब्रश घेतला तरी याच कामांसाठी ठेवता येतो. पण नगानगात फरक असतो. एकाची नीडल नोझलमध्ये बरोबर मधोमध, दुसऱ्याची बाजूला. शिकणाऱ्याला मग कळत नाही की चूक हाताची आहे की अवजाराची. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजके असतील तर कॉम्प्रेसर चांगला आणि ब्रश चिनी, हे चालेल. उलटं करू नका.

पायरी ३: होज आणि जोड

ब्रशच्या बाजूला बहुतेक ठिकाणी १/८ इंच बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, कॉम्प्रेसरच्या बाजूला १/४ किंवा १/८. बॅजर आणि पाश्चे या अमेरिकी कंपन्यांचे आटे वेगळे, त्यांना अ‍ॅडॅप्टर लागतो. विणलेलं आवरण असलेला लवचीक होज घ्या. कडक पीव्हीसीची नळी मनगटाला ओढते.

कॉम्प्रेसरच्या बाजूच्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळा. ब्रशच्या बाजूला रबरी वॉशर असतो, तिथे टेप नको आणि पानाही नको, बोटांनी आवळलं की पुरे. क्विक रिलीज कपलर शंभर-दोनशे रुपयांचाच असतो, पण ब्रश धुवायला नेताना होजची कटकट संपते, म्हणून पहिल्याच खरेदीत घ्या. सगळं जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की गळती तिथेच. हात न लावताही मोटर दर मिनिटाला सुरू होत असेल तर कुठूनतरी हवा गळतेय, हे नक्की समजा.

पायरी ४: खरेदी कुठून

ब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो. भारतातल्या हॉबी दुकानांकडून घ्या, बिल घ्या, सुटे भाग त्यांच्याकडेच असतात का ते विचारा. परदेशातून मागवलं तर पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, स्वस्ताई बहुतेक तिथेच संपते. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पहिल्याच दिवशी नीडलचं टोक भिंगाखाली पाहा. वाकलेलं असेल तर लगेच परत करा.

बाकीचं गावातच मिळतं. सराव करायचे स्वस्त अ‍ॅक्रिलिक रंग, ड्रॉपर, ब्रश सीताबर्डीच्या स्टेशनरी-आर्ट दुकानांत. टेफ्लॉन टेप, कपलर, अ‍ॅडॅप्टर लोहा ओळीत. डिस्टिल्ड वॉटर गाडीच्या बॅटरीच्या दुकानात. हे पाणी नक्की घ्या. बोअरवेलच्या जड पाण्याने रंग पातळ केला की सुकल्यावर पांढरट डाग राहतात आणि नोझलमध्येही क्षार बसतात.

पायरी ५: बसायची जागा

पाण्याचा रंग म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. फवाऱ्यातले कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसात जातात. अ‍ॅक्रिलिकसाठी एन९५ मास्क नीट बसवून घाला. लॅकर (उग्र थिनरमध्ये विरघळणारा रंग) किंवा वासाचा थिनर (रंग पातळ करायचं द्रव) वापरणार असाल तर एन९५ चालत नाही, कार्बन कार्ट्रिजचा रेस्पिरेटरच लागतो. पहिल्या वर्षी लॅकरकडे जाऊच नका, असं मी सांगेन.

एक्झॉस्ट पंखा असलेली खिडकी उत्तम. फवारा त्या दिशेने जाईल असं बसा. कूलरच्या झोतात बसू नका, झोत रंग उडवतो आणि कूलरच्या वाळ्याची धूळ ओल्या मिनिएचरवर बसते. वास लागू नये म्हणून काही जण देवघराजवळच्या किंवा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसतात. तिथे समई किंवा गॅस असतो आणि सफाईला वापरायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज पेट घेतं. ती जागा टाळा.

पायरी ६: पहिल्या दिवशी नुसतं पाणी

रंग उघडूच नका. कपात पाणी घाला, रेग्युलेटर २० पीएसआयवर लावा आणि पुठ्ठ्यावर मारा. ओला डाग कुठे पडतो ते स्पष्ट दिसतं. दाब लावताना ट्रिगर दाबलेला ठेवा, हवा वाहत असतानाचा आकडाच खरा. ट्रिगर सोडलेला असताना काटा २५ दाखवतो आणि हवा सोडली की १८ वर येतो. ‘सांगितलेल्या दाबावरही जमत नाही’ या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

बोटाला एकच सवय लावायची: हवा आधी सुरू, हवा शेवटी बंद. आधी ट्रिगर खाली, मग मागे. थांबताना आधी पुढे, मग वर. ट्रिगर एकदम सोडला तर नीडलवर रंग उरतो आणि पुढच्या वेळी थुंकी उडते.

हात कसा चालतो ते बघायचं असेल तर श्रावणात चितारओळीत चक्कर मारा. गणपतीच्या मूर्तींवर छटा मारणारे कारागीर स्प्रे गन हातात घेऊन कसे काम करतात ते परवानगी घेऊन, बाजूला उभं राहून पाहा. त्यांचा हात रंग सुटायच्या आधीच हलायला लागलेला असतो आणि रंग थांबल्यावरही पुढे जातो. गन मोठी असली तरी ही हालचाल तीच, आणि वाचून ती शिकता येत नाही.

पाण्यानंतर खूप पातळ केलेला काळा रंग घ्या. कागदावर ठिपक्यांच्या ओळी, मग ठिपके जोडणाऱ्या रेघा, मग एका टोकाला गडद आणि दुसरीकडे विरत जाणारी पट्टी. ठिपके एकसारखे येऊ लागले की पुढे जा.

पायरी ७: रंग किती पातळ, दाब किती

एअरब्रशसाठी तयार केलेले रंगही आपल्या हवेत थोडे पातळ करावे लागतात. साय काढलेल्या दुधाइतका पातळ, हे माप सगळीकडे चालतं: कपाच्या भिंतीवर घातला की खाली उतरावा आणि मागे पातळ पडदा ठेवावा. मिसळायचं कपाबाहेर, वेगळ्या छोट्या भांड्यात. कपातच मिसळायची वेळ आली तर थिनर आधी घालून मग रंग. उलट केलं तर घट्ट रंग थेट नोझलच्या तोंडाशी जाऊन बसतो. सरावाचे साधे क्राफ्ट रंग वापरत असाल तर बारीक जाळीतून गाळा, त्यांतलं रंगद्रव्य जाडसर असतं.

०.३ च्या नोझलला प्रायमर २५ ते ३०, बेसकोट १८ ते २५, बारीक छटा १२ ते १५ पीएसआय, इथून सुरू करा. दाब कमी केला की रंगही अधिक पातळ लागतो, या दोन गोष्टी जोडीनेच हलवायच्या. कॉम्प्रेसरच्या काट्यावर बार असतील तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

उन्हाळ्यात रंग नीडलच्या टोकावर सुकतो, त्याला ड्राय टिप म्हणतात. फवारा अचानक थांबतो आणि मग एक मोठा ठिपका उडतो. रंगात फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग सहज वाहावा म्हणून घालायचं द्रव) एक-दोन थेंब आणि रिटार्डरचा (सुकणं लांबवणारं द्रव) एखादा थेंब घाला, दाब थोडा उतरवा, आणि दर काही मिनिटांनी ओल्या इअरबडने टोक पुसा. रिटार्डर जास्त झाला तर रंग दिवसभर चिकट राहतो. आणि उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ ही वेळ दुपारच्या कोणत्याही औषधापेक्षा चांगली. पावसाळ्यात उलट: रंग सुकायला वेळ लागतो, म्हणून थर अधिक पातळ आणि दोन थरांत अंतर अधिक ठेवा.

अल्कोहोलबद्दल एक इशारा. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ते चालतं, पण व्हालेहोसारख्या कंपन्यांच्या रंगांत अल्कोहोल पडलं की गाठी होतात आणि ब्रश चोंदतो. त्यांच्यासाठी त्याच कंपनीचं थिनर किंवा डिस्टिल्ड वॉटर.

पायरी ८: पहिली वस्तू

थेट महागड्या मिनिएचरवर जाऊ नका. विदर्भात सरावासाठी एक सुंदर वस्तू घरोघर असते: तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. त्याला पाठ, पोट, वशिंड, शिंगं सगळं आहे, म्हणजे सपाट आणि गोल दोन्ही भाग सापडतात, आणि बिघडला तर घासून पुन्हा सुरू करता येतं. बारीक सँडपेपरने घासा, ओल्या कपड्याने धूळ पुसा, प्रायमरचे दोन पातळ थर द्या. लाकूड पहिला थर पिऊन टाकतं, म्हणून दुसरा लागतोच. मग पोटाखालून गडद करडा, पाठीवरून पांढरा. छटा एकमेकींत विरल्या की समजा, हात मिनिएचरसाठी तयार आहे. पोळ्याला पोराच्या हातात तो नंदी देता येतो, हा आनंद वेगळाच.

मिनिएचरवर हेच लहान प्रमाणात करायचं. थ्रीडी प्रिंट किंवा प्लॅस्टिक आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. सगळीकडून काळा प्रायमर. मग ४५ अंशांच्या कोनातून चोहोबाजूंनी करडा. शेवटी अगदी वरून, थोडा पांढरा. सूर्य डोक्यावर असताना जिथे उजेड पडेल तिथे पांढरं, घडींच्या आत काळं. यावर पारदर्शक किंवा पातळ रंग मारला की सावली आपोआप खालून दिसते. अंतर १० ते १५ सेंटीमीटर, आणि एका थरात झाकायचा हट्ट नको. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन प्रायमर हाताला तासाभरात सुका वाटतो, पण पूर्ण कडक व्हायला २४ तास द्या. त्याआधी घासला तर साल निघते.

पायरी ९: सफाई

रंग बदलताना उरलेला रंग ओतून टाका, कपात पाणी घालून जुन्या कुंचल्याने ढवळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत जुन्या कपड्यात मारा. काम संपल्यावर आधी पाणी आणि मग एअरब्रश क्लीनर, याच क्रमाने. नंतर मागची कॅप काढा, नीडल धरून ठेवणारा चक सैल करा, नीडल सरळ मागे ओढून काढा आणि बुडाकडून टोकाकडे पुसा. टोकाकडून उलट पुसलं तर बोटही टोचतं आणि टोकही वाकतं. परत घालताना हळूच, अडेल तिथपर्यंत. दाबून बसवली की नोझल फाटतं.

अख्खा ब्रश थिनरच्या वाटीत रात्रभर बुडवून ठेवू नका, आतल्या रबरी रिंगा फुगतात. नोझल रोज काढायचीही गरज नाही. आठवड्यातून एकदा काढा, आणि काढताना खाली पांढरा टॉवेल पसरा. ते तांदळाच्या दाण्याहून मोठं नसतं, फरशीवर पडलं की सापडत नाही.

काही बिघडलं तर

कपात बुडबुडे येतायत: हवा नोझलमधून मागे शिरतेय. नोझल सैल आहे, चिरलंय, किंवा पुढची कॅप नीट आवळलेली नाही. रंगाचे कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतायत: रंग जास्त पातळ, हात फार जवळ किंवा दाब जास्त. पृष्ठभाग पावडरसारखा खरखरीत: फार लांबून मारताय किंवा रंग हवेतच सुकतोय. फवारा एका बाजूला जातोय: नीडल वाकली आहे. किंचित वाक असेल तर २००० ग्रिटच्या सँडपेपरवर नीडल आडवी ठेवून, फिरवत, टोक मागे राहील अशी ओढली की सरळ होते. हुकासारखी झाली असेल तर नवीनच घ्या. एक जादा नीडल आणि एक जादा नोझल पहिल्या खरेदीतच मागवून ठेवा, कारण ती लागते ती नेमकी शनिवारी रात्री, आणि नागपुरात त्या वेळी ती कुठेच मिळत नाही.